भगीरथचा दाखला

माझं ट्रायथलॉनमधलं पुनरागमन अकरा दिवस लांबलं, ते एका दुधीमुळे. माझी सायकल परसात न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी होती. तशी ती बरीच वर्षं उभी होती. त्या पावसाळ्यात माझ्या बायकोने, देवकीने, सायकलच्या मागच्या चाकाशी दुधीची बी टाकली, आणि दिवाळीपर्यंत वेलाने हँडल, सीट, दोन्ही पेडल असं सगळं ताब्यात घेतलं होतं. मी कोयती घेऊन गेलो तर देवकी आडवी आली.

"अहो, फळ धरलंय. आता वेल ओढलात तर सगळं वाया. दुधी उतरू द्या, मग कुठं जायचं तिथं जा."

"सायकल माझी आहे," मी म्हणालो.

"इतकी वर्षं उभी होती तवा कोणाची होती?"

मी कोयती खाली ठेवली. मी शाळेत हेडक्लार्क आहे. ज्याची जावक नोंद नाही त्यावर हक्क सांगता येत नाही, हे मला कळतं. मी रोज संध्याकाळी शाळेतून आलो की दुधीची लांबी बघायचो. अकराव्या दिवशी ती उतरली. तिची भाजी खाऊनच मी सरावाला बसलो, म्हणजे सायकलवर बसलो, आणि सीट स्प्रिंगसकट खाली गेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, बाहेर येऊन तसंच ओलेत्याने सायकल मारायची, आणि सायकल टाकून पळायचं. मध्ये चहा नाही. शेजारच्या मुरबाड तालुक्यात एका क्रीडा मंडळाने जानेवारीत अशी शर्यत ठेवल्याचा निरोप माझ्या फोनवर आला. पाऊण किलोमीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. तो निरोप मी ऑफिसात चार वेळा वाचला. सव्वीस वर्षांपूर्वी, मी सव्वीस वर्षांचा असताना, याच भागात अशीच एक शर्यत झाली होती आणि तिच्यात माझा तिसरा नंबर आला होता. एकूण स्पर्धक नऊ होते, हे मी विचारल्याशिवाय सांगत नाही.

तेव्हाचे दिवस काही वेगळेच. काळू नदीचा एक डोह होता, त्यात आम्ही पोहायचो. पोहायच्या चड्ड्या मुरबाडच्या शिंप्याकडून छत्रीच्या कापडाच्या शिवून घेतल्या होत्या. पाण्यात फुगायच्या आणि माणूस आपोआप तरंगायचा. वेळ मोजायला एकच मनगटी घड्याळ. ते काठावरच्या करंजाच्या फांदीला अडकवायचं, आणि पाण्यातून बाहेर येताना आधी कपड्यांकडे न धावता घड्याळाकडे धावायचं. पळून झाल्यावर कुणाच्या तरी शेतातल्या वालाच्या शेंगा. शेतवाला ओरडायचा, तेव्हा पुन्हा पळणं व्हायचं. तो सराव आम्ही वहीत धरत नसू.

आम्ही म्हणजे मी आणि भगीरथ. पण भगीरथचं पुढे येतं.

शेजारच्या गणूभाऊंना माझा बेत कळला तसा माझा एकांत संपला. गणूभाऊ एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं माळशेज घाटातून गाडी काढली, त्यामुळे जगातली प्रत्येक हलणारी वस्तू कशी हलवावी यावर त्यांचं मत ठरलेलं आहे. ते स्कूटर घेऊन माझ्या मागे यायला लागले.

"भाऊसाहेब, चढाला गेर अगोदर टाकायचा. दम तुटल्यावर टाकून उपेग नाय."

"गणूभाऊ, या सायकलला गिअर नाहीत."

"मंग चढ कशाला घेतलाव?"

तिसऱ्या दिवशी ते हॉर्न वाजवायला लागले. मागून हॉर्न वाजला की मी सवयीने रस्त्याच्या कडेला व्हायचो आणि उतरून उभा राहायचो. त्यामुळे तो आठवडाभर माझा सायकलपेक्षा उतरण्या-चढण्याचा सराव जास्त झाला.

पळण्याची कथा याहून वाईट. आमच्या शहापूरकडे माणूस रस्त्याने पळतो तो काही कारण असलं तरच. पहिल्याच सकाळी मी किन्हवली रस्त्याला लागलो. भात झोडून झालं होतं, खळ्यांवरून पेंढ्याचा वास येत होता, आणि मला अगदी सव्विशीत असल्यासारखं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात एक मोटरसायकल बाजूला थांबली.

"भाऊसाहेब, कोन शिरियस हाय?"

"कोणी नाही. मी पळतोय."

"ते दिसतंय ना. बसा मागं, सोडतो."

मी नको म्हटलं. त्याला वाटलं मी दुःखाच्या भरात बोलतोय. त्याने मला दंडाला धरून मागे बसवलं आणि थेट सरकारी दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. तिथून घरी चालत आलो तर अंगणात सातजण बसलेले. देवकी त्यांना चहा देत होती. एकाने उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "किती वय होतं?"

"बावन्न," मी म्हणालो, कारण मला वाटलं माझं विचारतोय.

"जायचं वय नव्हतं," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पळताना हसरा चेहरा ठेवायला लागलो. मग लोकांनी देवकीला वेगळ्या गोष्टी विचारायला सुरुवात केली.

राहिलं पोहणं. जवळच्या एका गावात पाझर तलाव आहे. पण तो ग्रामपंचायतीचा. परवानगी लागेल म्हणून मी रीतसर अर्ज घेऊन गेलो. तिथले ग्रामसेवक तरुण आणि अतिशय सज्जन. हुद्द्यामुळे ते मला भाऊसाहेब म्हणतात आणि मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो, त्यामुळे आमच्या बोलण्यात कोण कोणाला समजावतोय ते बाहेरच्याला कळत नाही.

"भाऊसाहेब, पोहण्याच्या परवानगीचा नमुनाच नाही आपल्याकडे," ते कपाट धुंडाळून म्हणाले. "तलावात माणूस उतरण्याबाबत एकच छापील फॉर्म आहे. मूर्ती विसर्जनाचा."

"चालेल?"

"जावक क्रमांक पडल्याशी मतलब, भाऊसाहेब."

मी फॉर्म भरला. मंडळाचे नाव: स्वतः. मूर्तीची उंची: पाच फूट पाच इंच. मूर्ती शाडूची की अन्य: अन्य. विसर्जन मार्ग: घर ते तलाव. वाद्ये: नाहीत. विसर्जनाचा दिनांक व वेळ: दररोज सकाळी साडेसहा. खाली अट छापलेली होती की विसर्जनानंतर मूर्तीचे अवशेष चोवीस तासांत पाण्याबाहेर काढण्याची जबाबदारी मंडळाची राहील. त्यावर साक्षीदार म्हणून देवकीची सही लागली. तिने फॉर्म दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघत सही केली. ते बघणं मला अजून विसरता आलेलं नाही.

तलावात पहिल्या दिवशी मी सोळा हात मारले आणि थांबलो. पाणी गार होतं, आणि शरीराला जे आठवत होतं ते हातांना आठवत नव्हतं. तेवढ्यात बाजूने एक डोकं शांतपणे पुढे गेलं. पलीकडच्या वाडीतली बुधीआजी, सत्तरीच्या पुढची. तिच्या म्हशी पाण्यात बसल्या होत्या आणि त्यांना हाकलायला ती लुगड्याचा काचा मारून पोहत चालली होती. डोक्यावर चुंबळ तशीच.

"बुडतोस का रे बाबा?" तिने विचारलं.

"नाही, सराव करतोय."

"बुडन्याचा?"

मी काठाला लागेपर्यंत ती म्हशी घेऊन घरी पोहोचली असेल.

तरी महिन्याभरात मी पाऊण किलोमीटर ओढायला लागलो. ऊर धपापायचा, पण भीती गेली. आता फक्त नाव नोंदवायचं होतं. मंडळाच्या ऑफिसातून प्रियांका नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज गोड, नियम कडक.

"सर, पन्नासच्या वरच्या पार्टिसिपंटना आधी अशी रेस केल्याचा पुरावा लागतो. सर्टिफिकेट असेल ना?"

होतं. पोटमाळ्यावर ट्रंकेत होतं. काढलं तर वाळवीने बरोबर माझ्या नावाची ओळ खाल्लेली. 'तृतीय क्रमांक' शाबूत, अध्यक्षांची सही शाबूत, चारी बाजूंची वेलबुट्टी शाबूत. मधला माणूस तेवढा नाही.

"मग त्या रेसमधल्या दुसऱ्या कोणाचा तरी लेखी दाखला चालेल," प्रियांका म्हणाली. "कोणी आहे का, सर?"

नऊजणांपैकी दोघे वारले, बाकीचे कुठे पांगले ठाऊक नाही. टोकावड्याचा भगीरथ होता. मी फोन ठेवला आणि सर्टिफिकेट परत ट्रंकेत घातलं.

आता सांगायलाच हवं. त्या शर्यतीत भगीरथ पाण्यातून सगळ्यात पहिला बाहेर आला होता. सायकलवरही तोच पुढे. सरळगावच्या पुढे मी त्याला गाठलं तेव्हा त्याची साखळी तुटून रस्त्यावर पडली होती. माझ्याकडे साखळी जोडायची कडी आणि पाना होता. ते कायम मीच बाळगायचो, दोघांच्या वतीने. त्याने हाक मारली, "महिपत!" मी मान खाली घालून पेडल मारत राहिलो. त्याने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा मी वळणाच्या पलीकडे होतो. शेवटच्या रेषेवर त्याचे वडील झेंडूचा हार घेऊन उभे होते. मुलगाच आला असं समजून त्यांनी तो हार माझ्या गळ्यात घातला, मला कवटाळलं. मी हार घालून घेतला. त्यानंतर भगीरथ आणि मी लग्नाकार्यात भेटलो की "काय, बरं?" आणि "बरं" एवढंच बोलत आलो. एके काळी एका ताटात जेवणारे आम्ही.

पुढच्या रविवारी सायकल काढली आणि किन्हवली, सरळगाव करत टोकावड्याला गेलो. सरळगावच्या पुढच्या त्या वळणावर उतरून चालत गेलो. चढ होता, असं मी स्वतःला सांगितलं.

भगीरथ शेतात होता. भात कापल्यावर वाल पेरलेला, त्यात वाकून उभा. केस पांढरे, पण खांदे तसेच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काय, बरं?"

"बरं," मी म्हणालो, आणि पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं: शर्यत, प्रियांका, वाळवी. तो बांधावर बसला, मुलाच्या वहीतलं पान असावं, ते मागवून घेतलं आणि सावकाश लिहायला लागला. त्याची बायको कमळवहिनी चहा घेऊन आली, तरी तो लिहीतच होता. एवढं काय लिहितोय ते मला कळेना. शेवटी घडी घालून माझ्या हातात दिलं.

"घरी जाऊन वाच. वाटेत नको."

मी सरळगावला वाचलं. त्यात असं होतं:

'दाखला. मी भगीरथ, राहणार टोकावडे, लिहून देतो की महिपत याने सदर शर्यतीत माझ्यासमोर भाग घेतला. पोहण्यात तो माझ्या मागे होता. सायकलवर सरळगावच्या पुढे माझी साखळी तुटली. मी त्याला तीन हाका मारल्या. तो थांबला नाही. यावरून त्या वेळी त्याचा दम चांगला व कान खराब होते असे दिसते. पुढचे मला माहीत नाही, कारण मी सायकल हातात धरून घरी गेलो. दाखला खरा आहे.'

दुसरा दाखला मागायचं तोंड नव्हतं. तोच पाठवला. दोन दिवसांनी प्रियांकाचा फोन.

"सर, दाखला ओके आहे. फक्त ते कानाचं लिहिलंय ना, त्यासाठी डॉक्टरांचं एक फिटनेस लागेल. सेफ्टीसाठी. शिट्टी ऐकू यायला हवी."

मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी कानात नळी घातली, घंटा वाजवली, मागे उभं राहून कुजबुजले. मग कागदावर लिहिलं: दोन्ही कान उत्तम, पूर्वीपासून कोणताही दोष आढळत नाही. 'पूर्वीपासून' हा शब्द काढता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, छापील आहे.

तो कागद घेऊन मी पुन्हा टोकावड्याला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. भगीरथला दाखवला. त्याने दोनदा वाचला. मला वाटलं आता हा चिडेल, किंवा निदान मी माफी मागायला तोंड उघडेन. पण त्याने कागद परत दिला आणि विचारलं, "दाखला नसला तं नाव घेत नाय का?"

"नाही."

"मंग माझा तू लिही. मीबी येतो."

"सराव?"

"चाळीस वर्सं पान्यात आनि चिखलात हाय. तुझ्यासारखा फायलीत नाय बसलो."

मी तिथेच बांधावर बसून लिहिलं की भगीरथ पाण्यातून पहिला आला होता. तेवढं मी खात्रीने लिहू शकत होतो.

उरलेले पाच आठवडे आम्ही रविवारी एकत्र सराव केला. तो डोह आता अर्धा गाळाने भरलाय; मांडीइतकं पाणी. तरी आम्ही त्यातच पोहलो, गुडघे घासत. करंज होता. घड्याळाची गरज नव्हती, फोन होता, तो आम्ही दोघांनीही झाडाला अडकवला नाही, कपड्यांत गुंडाळून ठेवला. पोहून झाल्यावर भगीरथच्या स्वतःच्याच शेतातल्या वालाच्या शेंगा खाल्ल्या. "मजा नाय येत," तो म्हणाला. "कोन वरडायला पायजे." मग कमळवहिनी बांधावरून ओरडली की बी राखायला ठेवलेल्या आहेत, आणि आम्ही दोघे बावन्न वर्षांचे पुरुष खरोखर पळालो. दोन शेतं ओलांडून थांबलो तेव्हा हसता येत नव्हतं, इतका दम लागला होता. जुनं काहीच बोललो नाही. ते दर रविवारी आमच्याबरोबर पाण्यात उतरायचं आणि आमच्याबरोबर बाहेर यायचं.

शर्यतीच्या सकाळी मुरबाडकडच्या तलावावर धुकं होतं. दीडशेजण, सगळे काळ्या रबरी कपड्यांत, कमरेला पट्टे, मनगटावर चमकणारी घड्याळं. आम्ही दोघे शाळेच्या खेळांच्या जुन्या चड्ड्यांत. गणूभाऊ स्कूटर घेऊन हजर होते आणि स्वयंसेवकांना गाड्या कशा लावाव्यात ते सांगत होते. देवकी आणि कमळवहिनी काठावर चटई टाकून बसल्या होत्या.

भगीरथ पाण्यातून मधल्या फळीत बाहेर आला. मी सगळ्यात शेवटी. सोबतची होडी माझ्या इतक्या जवळून येत होती की वल्ह्याचं पाणी तोंडात जात होतं. बाहेर आलो तर भगीरथ सायकलपाशी वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"अजून इथेच?"

"नाडी सुटली," तो म्हणाला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

सायकलचे वीस किलोमीटर आम्ही पुढे-मागे गेलो. वळणावर गणूभाऊ उभे राहून दोन्ही हातांनी आम्हाला 'येऊ द्या, येऊ द्या' करत होते, जशी एसटी मागे घ्यायला सांगतात. त्या नादात माझ्यामागून येणारी एक रुग्णवाहिकाच खड्ड्यात गेली असती.

पळायला लागलो तेव्हा रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. ऊन चढलं होतं. पहिला किलोमीटर पळालो, दुसरा चाललो, तिसऱ्याला पळाल्यासारखं चाललो. चौथ्याला भगीरथ म्हणाला, "एक इचारू?"

मी मान हलवली.

"हाका आयकू आल्या होत्या ना तुला? तीनबी?"

खोटं बोलायला वारा लागतो छातीत. माझ्याकडे नव्हता.

"आल्या. कडी होती माझ्याकडे. पानाही होता."

तो पुन्हा पळायला लागला. पंचवीस-तीस पावलांवर मी त्याला गाठलं.

"हार तुझ्या बापाने माझ्या गळ्यात घातला," मी म्हणालो. "मी काढून द्यायला हवा होता."

"त्याला चष्मा नव्हता," भगीरथ म्हणाला. "मरेस्तोवर सांगायचा, महिपत लय पळाला. मला राग तुझा नाय आला तेवढा त्याचा यायचा." थोडं पुढे जाऊन तो थांबला, गुडघ्यांवर हात टेकले. मीही थांबलो. "तवा तू थांबला असतास तं आपुन दोघंबी हरलो असतो. मी लय वेळा हिशेब केला."

"तरी थांबायला हवं होतं."

"व्हय. थांबायला पायजे होतं." त्याने घाम पुसला. "आता बघ, दोघंबी हरतोय. कसं निवांत वाटतंय."

शेवटच्या रेषेवर आलो तेव्हा फुगवलेली कमान उतरवून जमिनीवर पसरली होती आणि दोनजण तिच्यावर लोळून हवा काढत होते. प्रियांका वही घेऊन खुर्चीवर बसली होती. फोनवरच्या आवाजापेक्षा ती बरीच लहान निघाली. आम्ही दोघे कमानीच्या कापडावरून एकमेकांना धरून, चिखलातून जावं तसे पाय उचलत पलीकडे गेलो.

"काका, टाइम संपलाय, पण नोंद करते," ती म्हणाली. "दोघांत आधी कोण आलं?"

मी भगीरथकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुला काय लिवायचं ते लिव गो बाय," भगीरथ म्हणाला. "आमी बसतो जरा."

आणि आम्ही तिथेच, रस्त्याच्या मधोमध बसलो. डांबर तापलं होतं, पण उठायचं कोणाच्याच मनात नव्हतं. दुरून देवकी आणि कमळवहिनी चटई गुंडाळून आमच्याकडे येताना दिसत होत्या. आम्हाला उठवायला किमान तिघं लागतील, हे त्यांना अजून कळायचं होतं.